कडू सोडेवाला सगुण

माझ्या तावेर्नात कुणी लिंबू सोडा मागितला तर मी देतो, पण कपाळाला आठ्या घालून देतो. दारूच्या दुकानात येऊन लिंबू सोडा पिणारा माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही. तो खुर्ची अडवतो, फुकटचे शेंगदाणे संपवतो आणि वर बाकीच्यांकडे अशा नजरेने बघतो, जणू आम्ही चपला घालून त्याच्या देवघरात शिरलोय. हे आधीच सांगितलेलं बरं. मी रामचंद्र. पेडण्याच्या बाजारापासून जरा आत, आमच्या वाड्यावर वडिलांपासून चालत आलेलं तावेर्न चालवतो, आणि आज एका न पिणाऱ्या माणसाबद्दल लिहायला बसलोय. माझ्या बायकोला हे वाचून दाखवलं तर ती आधी माझा ताप बघेल.

हा माणूस म्हणजे सगुण, आमचा सोडेवाला. त्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये सोडा भरायचं यंत्र आहे. तिथे भरलेल्या बाटल्या टेम्पोत घालून तो थेट केरीच्या समुद्रापर्यंत तावेर्नांना आणि हॉटेलांना पोचवतो. फेणीला सोडा लागतो, त्यामुळे आमचा धंदा त्याच्यावर आणि त्याचा आमच्यावर. भरलेल्या बाटल्या उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या आणि आग्रहाचा एक कोप घ्यायचा, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. पेल्याला आम्ही कोप म्हणतो, शब्द पोर्तुगीज, सवय आमची. आग्रह करणारे पुष्कळ होते आणि तावेर्नंही पुष्कळ होती. फेरीचा शेवट माझ्याकडे व्हायचा, आणि मग सगुण कोपऱ्यातल्या बाकावर असा बसायचा, की उठवायला दोघे लागायचे.

त्याची बायको सुमंगला पडवीत वाट बघत उभी असायची. सगुण पायरीवर आला की ती पुढे होऊन त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. बोलायची काही नाही. वास घ्यायची, बाजूला व्हायची आणि ताट वाढायची. तो दोन घास चिवडून उठायचा. पिणाऱ्याची भूक आधी मरते, हे मला डॉक्टरने सांगायला नको, मी ते रोज बघतो. सुमंगलाच्या हातचं हुमण, म्हणजे आमची माशांची आमटी, असं असतं की नुसत्या वासावर शेजारचे जेवून उठतील. आणि खायचा कोण, तर दुसऱ्या दिवशी दारातला कुत्रा. तो कुत्रा काय माजला होता म्हणून सांगू!

मागच्या वर्षी माघात सगुण टेम्पोच्या स्टिअरिंगवर मान टाकून कोसळला. गाडी माझ्याच दारात उभी होती म्हणून निभावलं. म्हापशाला नेलं. काविळीने पिवळा झालेला, पोट फुगलेलं. डॉक्टरने सुमंगलासमोर सांगितलं, की आता पुन्हा प्यायला लागलास तर मला दाखवायला येऊ नकोस. सगुण घरी आला तो निम्मा होऊन आला, आणि त्या दिवसापासून त्याने दारू सोडली.

लोक म्हणतात, त्याला मरणाची भीती बसली. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. भीतीबिती काही नाही, तो मुळातच हट्टी. पिण्यात जेवढा हट्टी होता तेवढाच सोडण्यात. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही तो ऐकायचा नाही.

पण संध्याकाळचं काय करायचं? दिवसभराची फेरी आटोपली, की माणसाला चार माणसांत बसावंसं वाटतं, आणि आमच्या वाड्यावर ती चार माणसं माझ्याकडेच बसतात. सगुण येऊन बसायचा. साधा सोडा घेतला, तर त्याचा चुलतभाऊ गौरेश हळूच त्याच्या पेल्यात नाक घालून बघायचा. थंड पेयाची गोड बाटली दिली, तर कुणीतरी म्हणायचं, “सगुण बारशाक इलो रे!” चहा मागायची तर सोयच नाही, कारण मी चहा ठेवत नाही. एकदा गोड बाटली अर्धी टाकून तो उठला.

“रामा, माका ह्यां नको. गोड गोड काय पिवचां? मी काय ल्हान भुरगो?”

“मगे घराक बस,” मी म्हटलं. मी काही फार गोड बोलणारा नाही.

“घराक बसलंय तर पियालंय म्हणान समज,” तो म्हणाला आणि गेला. ते ऐकून मात्र मी त्याच्या मागे दारापर्यंत गेलो. कारण ते खरं होतं. घरी एकटा बसलेला सगुण फार दिवस टिकला नसता.

मार्ग सापडला तो केरीला. तिथल्या एका गेस्ट हाउसमध्ये आन्जेलो नावाचा पांढऱ्या दाढीचा इटालियन म्हातारा दर हिवाळ्यात येऊन राहतो. सगुण तिथे सोडा उतरवत होता. सूर्य बुडायला आलेला, म्हातारा व्हरांड्यात बसलेला, समोर लालभडक पेला, त्यात बर्फ आणि संत्र्याची चकती, बाजूला बशीत खारवलेली हिरवी फळं. सगुणला वाटलं वाइन, म्हणून त्याने मान फिरवली. पण म्हाताऱ्याने त्याला हाक मारून बसवलं आणि प्यायला दिलं. सगुणने हात जोडले. पोटावर हात ठेवून, मान हलवून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपली सगळी कथा सांगितली. आन्जेलो हसला आणि त्याने मुठीएवढी रिकामी बाटली पुढे केली. यात दारूचा थेंब नाही, म्हणाला. नुसता सोडा. कडू सोडा.

सगुणने घोट घेतला. आधी तोंड कडू झालं. मग त्या कडूमागून थोडं गोड आलं, पुन्हा कडू झालं, आणि थोड्या वेळाने पोटात काहीतरी हललं. ती भूक होती, हे त्याला पटकन ओळखूही आलं नाही, इतकी त्यांची गाठभेट तुटली होती.

आन्जेलोने त्याला समजावलं. त्याच्या गावात जेवणाआधी माणसं बारमध्ये जमतात. कुणाच्या पेल्यात दारू असते, कुणाच्या पेल्यात हा सोडा. रंग तोच, पेला तोच, बर्फ तोच, त्यामुळे कुणी कुणाला विचारत नाही. त्या पिण्याला ते अपेरितीवो म्हणतात आणि त्याचं काम एकच, जेवणाआधी भूक जागी करायची. त्या बाटल्या तो घरून कपड्यांत गुंडाळून आणायचा आणि ती त्याची शेवटची होती.

सगुण टेम्पो घेऊन थेट माझ्या दारात.

“कडू व्हया रे रामा! मोठ्या माणसाक कडू व्हया!”

“किराईत पी,” मी चिडून म्हटलं.

मी हे थट्टेत बोललो आणि त्याने ते खरं केलं. किराईत म्हणजे आमच्याकडची कडू काडी. गोव्यातल्या प्रत्येक आईने प्रत्येक पोराला नाक दाबून, अनशापोटी तिचा काढा पाजलेला असतो. सगुणने त्याच काढ्यात साखर आणि आमसुलं घालून, सोडा भरून, बाटल्या माझ्याकडे आणल्या. रंग झकास आला होता. मी सगळ्यांच्या पेल्यात थोडा थोडा ओतला. पहिला घोट घेतला आणि बाकावरच्या साऱ्या बाप्यांनी एकदम आपापलं नाक धरलं! चांगले मिशीवाले पुरुष, पण घशात किराईत उतरलं आणि सगळे आईच्या मांडीवर जाऊन पडले. गौरेश तर बाहेर जाऊन थुंकून आला.

“ह्यां पिवन दारू सुटाची नाय,” तो म्हणाला, “दारू लागात!”

दुसरा कुणी असता तर थांबला असता. सगुणने कारली उकळली, कडुलिंब उकळला, आणखी काय काय उकळलं ते विचारू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत एकदा त्याचा आमसुलाचा पाक आंबला. याला कळलं नाही. हा शेडमध्ये चमच्याचमच्याने चव घेत बसला आणि तसाच घरी गेला. सुमंगला पुढे झाली, तिने वास घेतला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“वास येता,” एवढंच म्हणाली.

त्याने देवाची शपथ घेतली, शेडमध्ये नेऊन भांडं दाखवलं, फेस दाखवला. ती ऐकत होती, पण तिने अशा शपथा पूर्वी टोपलीभर ऐकल्या होत्या. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सगुणने शेडमधली सगळी भांडी उचलून तिच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली. म्हणाला, आजपासून जे काय उकळायचं ते तुझ्या चुलीवर आणि तुझ्यासमोर. तिने फक्त एक पातेलं बाजूला काढून दिलं. हे वेगळं ठेव, म्हणाली, माझ्या माशांना कारल्याचा वास नको.

आणि तिथेच ते जमलं. चवथीला आम्ही गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो, म्हणजे लाकडी चौकटीला रानातली फळं, सुपाऱ्या, काकड्या, पपनसं टांगतो. गणपती पोचवले की माटोळी उतरवायची आणि फळं वाटून खायची. सुमंगला पपनस सोलत बसली होती आणि सगुण समोर बसून जाडजूड सालीचा तुकडा चघळत होता. चघळता चघळता थांबला. साल कडू होती, पण किराइतासारखी नरड्याला धरणारी नव्हती. वास तर संत्र्याच्या चुलतभावाचा. त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी फिरून माटोळीची सगळी पपनसं गोळा केली. गर त्यांना परत दिला, साली घरी आणल्या. सुमंगलाने त्या उकळल्या, पहिलं पाणी फेकून दिलं. साखर किंचित करपवली. रंगाला आणि आंबटपणाला आमसुलं, आणि सगुणच्या हट्टाखातर किराइताची नखाएवढी काडी.

ती बाटली मी फोडली तेव्हा कुणी नाक धरलं नाही. मी सगुणला फेणीच्याच कोपात बर्फ घालून दिला, लिंबाची फोड टाकली आणि आन्जेलोच्या खारवलेल्या फळांऐवजी मिठातल्या कैरीच्या फोडी ठेवल्या. सगुण पाय पसरून बाकावर बसला. बाहेरून आलेल्या माणसाला कोण काय पितोय ते कळलं नसतं. गौरेशने पेल्यात नाक घातलं, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला परत ठेवला. पण थुंकायला बाहेर गेला नाही, याची मी नोंद घेतली.

मग सोमवार पाळणारे लोक सोमवारीही येऊन बसायला लागले. गाडी चालवून जायचं असलेले मागायला लागले. आन्जेलो हिवाळ्यात परत आला, त्याने चव घेतली, हे आमचं नाही म्हणाला आणि दुसरी बाटली मागितली. माझी तक्रार एकच होती. सगुण पूर्वी दुकान बंद होईपर्यंत बसायचा. आता एक पेला झाला की त्याला भूक लागायची आणि तो उठून घरी पळायचा. दारातला कुत्रा पुन्हा सडपातळ झाला. सुमंगला मात्र रोज पायरीवर वास घ्यायची ती घ्यायचीच. सगुणही निमूट तोंड पुढे करायचा. तो म्हणायचा, तिचा हक्क आहे.

अशात माघ आला आणि राखण आली.

आमच्या वाड्याच्या सीमेवर जांभ्याचा एक उभा दगड आहे. तो आमचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला रोट, कोंबडा, विडी आणि दारू देतात. तिथे गाऱ्हाणं घालायचा मान सगुणच्या घराचा. त्याने गाऱ्हाणं घालायचं, करवंटीतून दगडावर दारू ओतायची आणि उरलेल्यातला पहिला घोट तीर्थ म्हणून स्वतः घ्यायचा. मग बाकीच्यांनी. मागच्या वर्षी सगुण इस्पितळात होता, म्हणून हे सारं गौरेशने केलं होतं. आता वाड्यावर एकच चर्चा. घोट घेतला नाही तर मान गौरेशच्या घरी जाणार. आणि घेतला तर? तर काय, ते सगळ्यांना माहीत होतं. मी सगुणला स्वच्छ सांगितलं, मान खड्ड्यात घाल.

“मान सोडुचंय नाय,” तो म्हणाला. “आणि पिवचंय पण नाय.”

उन्हं कलताना आम्ही सीमेवर जमलो. सगुणने फेणीची बाटली ठेवली आणि तिच्या शेजारी आपली लाल बाटली. कुजबुज सुरू झाली. गौरेश पुढे आला. तो वाईट माणूस नाही, पण राखणदाराला मनापासून भितो.

“राखणदाराक सोडो? खुळावलंस?”

“आज्याच्या वेळार माडाची सूर दीत हुते,” सगुण शांतपणे म्हणाला. “सूर काढणारे रेंदेर गेले, तेव्हा फेणी इली. तेव्हा राखणदार रागावलो? ही फेणी तेका आसा, पुरी बाटली. सोडो पण तेकाच दितंय. त्यातलो घोट मी घेतंय.”

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सूर, म्हणजे माडी, त्यांना आठवत होती. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. सगुणने गाऱ्हाणं सुरू केलं. आम्ही “व्हय म्हाराजा” म्हणत गेलो. माणसांना, गुरांना, पोफळीच्या कुळागरांना सांभाळ, म्हणाला. मग त्याने करवंटीत फेणी ओतली आणि दगडावर वाहिली. शेवटची करवंटी भरली आणि गौरेशने त्याचा हात धरला.

“एक थेंब घे. तीर्थ म्हणान. तुका माजी आण.”

गौरेशच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला भावाचं बरंच व्हायला हवं होतं, ते राखणदाराला दुखवून कसं होणार, एवढंच त्याला कळत नव्हतं. करवंटी सगुणच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होती. काजूच्या फेणीचा तो वास मलाही आला आणि मी, ज्याचं पोट या वासावर भरतं, मी मनात म्हणत होतो, नको रे, नको. सगुणने हात मागे ओढला, गौरेशने सोडला नाही. फेणी हिंदकळली, मनगटावरून कोपरापर्यंत आली, शर्ट भिजला. त्याने डोळे मिटले. मग गौरेशच्या हातासकट आपला हात वळवला आणि करवंटी दगडावर पालथी केली.

“तेचां तेका,” म्हणाला.

त्याने तांब्यातल्या पाण्याने करवंटी दोनदा खळबळून धुतली, लाल बाटली फोडली, थोडं दगडावर वाहिलं आणि घोट घेतला. करवंटी गौरेशपुढे धरली. गौरेश तसाच उभा राहिला. वाड्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस पुढे आला, त्याने ती गौरेशच्या आधी घेतली, प्यायली आणि म्हणाला, “कडू आसा. बरो आसा.” मग गौरेशनेही तोंड लावलं. पुढे बाकीच्यांनी आपल्या बाटल्या काढल्याच. आमचा वाडा काही एका संध्याकाळीत संत झालेला नाही.

मी सगुणबरोबर परत निघालो. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, की हा माणूस डोक्यापासून पायापर्यंत फेणीने घमघमतोय. शर्ट, हात, सगळं. आणि पायरीवर सुमंगला उभी असणार. मी म्हटलं, माझ्याकडे चल, अंघोळ कर, शर्ट बदल. तो नाही म्हणाला. धुऊन गेलो तर लपवल्यासारखं होईल, म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की काय सांगू! वर्षभर कमावलेलं सगळं हा एका शर्टापायी घालवणार होता.

सुमंगला पडवीत उभी होतीच. सगुण पायरी चढला तसा तिला लांबूनच वास आला. आंबलेल्या पाकाच्या दिवशी झाला होता तसा तिचा चेहरा झाला. सगुणने रोजच्यासारखं तोंड पुढे केलं, पण ती पुढे झालीच नाही. मी साक्ष द्यायला तोंड उघडलं, वयनी, मी तिथे होतो, म्हणणार होतो. तावेर्नवाल्याच्या साक्षीला ती काय किंमत देणार होती, देव जाणे.

सगुणने मला बोलू दिलं नाही. शपथ घेतली नाही, शर्टाचं सांगितलं नाही, राखणीचं सांगितलं नाही.

“वाड गो,” तो म्हणाला. “भूक लागल्या.”

सुमंगला त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत प्यालेल्या सगुणने तिच्याकडे कधी जेवण मागितलं नव्हतं. ती वास न घेताच मागे वळली आणि आत गेली. आतून ताटाचा आवाज आला, आणि मग तिने मला हाक मारली, रामाभाऊ, तुम्ही पण बसा, हुमण आज भरपूर केलंय. तिचा आवाज रडका होता. सगुण दुसऱ्यांदा भात मागून जेवला. दारातला कुत्रा शेवटपर्यंत बसून होता, पण त्या दिवशी ताटात काही राहिलं नाही.